मला वाळता आलं नाही

मित्रांनो, मी रुई. जुनी आहे, कडू आहे, आणि खरं सांगायचं तर जरा तोंडाळही आहे. पिंपरीच्या माळावर नुसती कुसळं आणि दगड होते, तेव्हापासून मी इथं उभी आहे. माझ्या अंगावरून एक गाडीवाट खाली पवना नदीकडे उतरते आणि पलीकडे पिंपळे गुरवला जाते. तुम्ही मला ओळखत नाही असं म्हणू नका. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जी माळ असते ती माझ्याच पानांची. उन्हाळ्यात हवेतून ज्या पांढऱ्या म्हाताऱ्या तरंगत येतात आणि ज्यांच्यामागे तुम्ही धावता, ती माझीच बीजं.

माझ्या कडूपणाला लोक नावं ठेवतात. ठेवोत बापडे! पण तुम्हीच सांगा, ज्याला पाय नाहीत त्यानं माळावर जगायचं तरी कसं? शेळी आली तर पळता येत नाही, म्हैस आली तर ओरडता येत नाही. बाभळीनं काटे काढले, मी दूध धरलं. पान तोडा, देठ मोडा, लगेच पांढरंशुभ्र दूध बाहेर येतं. दिसायला किती गोड! जिभेला लागलं की घसा सोलून निघतो. पुढं इथं राहायला आलेल्या नजमाच्या चांदी नावाच्या शेळीनं एकदा माझं कोवळं पान ओढलं होतं. तोंडाला फेस आला, दिवसभर मान झटकत फिरली. त्यानंतर ती माझ्या शेजारचा तरवड चघळायची, पण माझ्याकडे ढुंकून बघायची नाही.

शेजाऱ्यांनाही मी फार लगट करू देत नाही. माझी पानं गळून पायाशी कुजतात, आणि तिथं गवताचं बी टाकलं तरी धड रुजत नाही. घाणेरी एकदा अंगावर रेलायला आली होती, तिलाही मी बाजूला ठेवलं. आणि माझं मूळ! वर मी माणसाएवढी दिसते, पण खाली माणूस उभा पुरेल एवढी मी जमिनीत आहे. वरून छाटा, जाळा, गाडीचं चाक घाला, मी पुन्हा फुटते. फुटायचं नाही असं मला ठरवताच येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा मुलांनो, पुढं तिचंच रडगाणं आहे.

मग या माळावर माणसं आली. चुन्याच्या रेघा पडल्या, ट्रक आले, मुरूम पडला, आणि बघता बघता तापावरच्या औषधाचा मोठा कारखाना उभा राहू लागला. हनीफ नावाचा ट्रकवाला रेती आणायचा. नजमा त्याचीच बायको. तो माझ्याजवळ गाडी लावून डबा खायचा आणि मुकादमाला गंमती सांगायचा.

"काय राव, ऐकलं का?" एकदा तो म्हणाला. "हितं म्हणे बुरशी पाळणार! शिळ्या भाकरीवर येती तसली. ती आपल्या शेजारी दुसऱ्या कुठल्या किड्याला जगू देत नाही. त्यासाठी जे पाणी सोडती, त्याचंच औषध. बाळंतिणीच्या तापाला एकदम रामबाण!"

मी म्हटलं, अगंबाई! म्हणजे ही तर माझ्याच वळणाची! शेजाऱ्याला हाकलण्यासाठी तिनं विष केलं, आणि माणसं त्याचं औषध करणार. मला फार अभिमान वाटला. माझ्या दुधानंही धनगर पायातला काटा वर काढत. माझी पानं तेल लावून, तव्यावर शेकून म्हाताऱ्या बायका गुडघ्याला बांधत. त्या दिवसांत माझं बरं चाललं होतं.

कारखान्याच्या कामाला जी माणसं आली, त्यांत साताऱ्याकडचा रंगराव होता. गवंडी. भिंत ओळंब्यात उभी करावी तर त्यानंच. त्यानं माझ्यापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याचं खोपट घातलं आणि आईला आणलं. तिचं नाव अंबूबाई. रंगरावची पहिली बायको बाळंतपणात गेली होती, दुसरी पटकीत. पोर एकही नव्हतं. अंबूबाईनं मुलासाठी तिसरी बघितली, मंजुळा. ती याच कामावर घमेली वाहायची, आईबापाविना चुलत्याकडे राहिलेली. रंगरावला ती आवडली होती. भिंतीवरून तो उगाच "माल आण गं" म्हणून तिला हाक मारायचा, आणि ती "आत्ताच तर दिला की!" म्हणून हसायची.

पण दोन बायका गेलेल्या माणसाची तिसरी जगत नाही, असं त्या लोकांत धरतात. मग काय करायचं? तिसरी बायको म्हणून रुई करायची. झाडाशी लग्न लावायचं, म्हणजे जे काही वाईट यायचं ते झाडावर जातं, आणि माणसाची लेक चौथी ठरून सुखरूप राहते. गाडीवाटेवर सोयीची रुई कोण? मी!

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. जन्मात कोणी मला पाणी घातलं नव्हतं, त्या दिवशी तांब्याभर घातलं. हळद लावली, कुंकू लावलं, फांदीत हिरवी बांगडी अडकवली, खणाचा तुकडा गुंडाळला. जोशीबुवांनी मंत्र म्हटले, रंगरावनं माझ्या बुंध्याला पिवळा दोरा बांधला. तो बिचारा लाजून चूर झाला होता. चांदी शेळी लांबून टकामका बघत होती. असा माझा थाटमाट! लग्न लावून जोशीबुवा घरी गेले. रुई वाळली पाहिजे, मेली पाहिजे, असं ते एका शब्दानंही म्हणाले नव्हते. ते अंबूबाईनं आपल्याच मनानं धरलं.

तिचा हिशेब सरळ होता. दोघी मेल्या. तिसरीही मरायचीच. ही तिसरी आहे, तर ही अजून हिरवीगार कशी? ही मेली नाही म्हणजे वाईट अजून संपलं नाही, आणि ते फिरून मंजुळेवर येणार. दुष्ट नव्हती हो अंबूबाई. दोन सुनांना तिनं आपल्या हातानं शेवटचं कुंकू लावलं होतं. तिची भीती खरी होती. म्हणून ती रोज सकाळी कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहायची. "वाळली न्हाईस व्हय अजून? काय चिवट बया हाय!"

आधी तिनं मला कोणी पाणी घालू नये असं बजावलं. मला कुठलं पाणी लागतंय! मग रंगरावकडून मला छाटून घेतलं. पंधरवड्यात मी आधीपेक्षा जास्त फांद्या काढल्या. चुलीवरचं उकळतं पाणी ओतलं, मिठाची पोती धुतलेलं पाणी ओतलं. माझी चार पानं पिवळी पडली, अंबूबाईनं सगळ्या खोपटांना गूळ वाटला, आणि त्याच आठवड्यात बुडातून नवे कोंब आले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

रंगरावशी लग्न होऊन मंजुळा खोपटात आली होती, आणि आता तिला दिवस गेले होते. चुलीची राख टाकायच्या निमित्तानं ती माझ्याकडे यायची. मी थोरली सवत म्हणून मला अक्का म्हणायची.

"अक्का, बरी हाईस का?" पहिल्यांदा आली तेव्हा ती हसत होती. "आपला नवरा लई घोरतोय बग. तू सुटलीस, लांब ऱ्हातीस!"

पुढं पुढं तिचं हसू कमी झालं. पोट वर आलं तशी ती माझ्याजवळ टेकून बसायची आणि खणाच्या विटक्या तुकड्यावरून हात फिरवायची. एकदा तिनं इकडंतिकडं बघितलं आणि पदराआडचा तांब्या माझ्या बुडाशी ओतला. सासूनं बघितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

"तू मेलीस म्हंजी मी जगणार, असं म्हनत्यात समदी," ती म्हणाली. "पन तुला तहान लागत आसंल की गं. मी तुझं मरान कसं मागू? आन् मला तर जगायचंय, अक्का. लई जगायचंय. मला माझं प्वार बघायचंय."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा मरावंसं वाटलं. अंबूबाईचं म्हणणं खरं की खोटं, ते मला काय कळणार? मी झाड. मी म्हटलं, असेल खरं, तर जाऊ दे, या पोरीसाठी वाळून जाऊ. पण कसं वाळायचं? मी चांदीला मनातल्या मनात हाका मारल्या, ये गं, खा मला. ती आली नाही. मग रंगीत नाकतोडे आले, निळेपिवळे, माझ्या दुधाला न भिणारे. पट्टेरी अळ्या आल्या. त्या मोठ्या हुशार! आधी शीर कुरतडून दूध गळू देतात, मग निवांत पान खातात. एरवी मी त्यांच्यावर चरफडले असते. त्या वेळी म्हटलं, या बायांनो, पोटभर खा, काही ठेवू नका. त्यांनी मला पार ओरबाडलं. अंगावर एक पान राहिलं नाही, नुसत्या काड्या उरल्या. अंबूबाईनं मारुतीला नारळ फोडला. मंजुळा मात्र माझ्याकडे बघून रडली.

अळ्यांची फुलपाखरं होऊन उडून गेली, नाकतोडे दुसरीकडे गेले, आणि माझ्या प्रत्येक पेराला दोन-दोन पानं फुटली. गोंडस, पांढुरकी, लवदार. मी मुळाला म्हणत होते, अरे थांब, नको वर चढवू रस! ते ऐकत नव्हतं. त्याला जगायचं एवढंच येतं.

मंजुळेला मुलगी झाली. पोरगी ठणठणीत, आवाज माझ्यापर्यंत यायचा. दोन-तीन दिवस सगळं बरं होतं, आणि मग मंजुळेला ताप भरला. साधा नव्हे. थंडी वाजून दात वाजायचे, ओटीपोटाला हात लावू देईना, बडबडायला लागली. नजमा शेळीचं दूध घेऊन गेली होती, ती धावतच बाहेर आली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली.

हनीफनं भर दुपारी ट्रक खोपटासमोर आणून लावला. "रंगराव, उचला हिला. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेऊ. ह्या तापाला आता सुई निघालीय. तुम्हीच तर बांधताय तो कारखाना!"

अंबूबाई दारात आडवी झाली. "बाळंतीन उंबरा वलांडनार न्हाई. सोयर फिटलं न्हाई अजून. आन् दवाखान्यात जाऊन काय व्हतंय? ती बया तितं हिरवीगार हुबी हाय, ती हिला खातीया! आदी ती उपटा. मुळासकट उपटा!"

"आई, हिला आदी—"

"दोन गेल्या, तवाबी तू माझं ऐकलं न्हाईस!"

रंगरावचा चेहरा मला लांबून दिसत होता. त्यानं ट्रककडे बघितलं, खोपटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग कुदळ आणि पहार उचलली.

"झाड कुठं पळून चाललंय व्हय, रंगराव?" हनीफ ओरडला. "परत आल्यावर उपटा की!"

"एवढं उपटतो आन् निगू," रंगराव म्हणाला. "उलीसाक येळ. तू गाडी चालूच ठेव."

उलीसा, म्हणे थोडासा वेळ! त्याला काय माहीत, मी किती खोल आहे ते. त्यानं पहिल्या घावात माझ्या फांद्या आडव्या केल्या. मी म्हटलं, शाब्बास, आता बुंधा. बुंधा तुटला. पण अंबूबाई खोपटाच्या दारातून ओरडली, "मूळ! मूळ ऱ्हायलं तर पुन्ना फुटती ती!" आणि तिचं हे म्हणणं मात्र अगदी खरं होतं. तो खणू लागला. मुरमाची जमीन, ठणठणीत. गुडघाभर खणलं, मूळ तसंच जाड. मांडीएवढं खणलं, तरी तसंच. त्यानं दोन्ही हातांनी धरून हिसडे दिले. "निग की! निग की गं!" तो रडत रडत म्हणत होता. मित्रांनो, मी निघायला तयार होते हो! मी माझ्याच मुळाला सोड सोड म्हणत होते. पण वर्षानुवर्षं वाऱ्याशी, दुष्काळाशी, गाडीच्या चाकाशी झगडून जे घट्ट धरायला शिकलं, ते एका दुपारी सोडायला कसं शिकणार? ट्रकचं इंजिन घरघरत होतं. ऊन कलायला लागलं होतं.

आणि मग ते झालं. माझ्या तुटलेल्या अंगातून दूध वाहत होतं, त्याचे हात कोपरापर्यंत माखले होते. घाम डोळ्यांत उतरला म्हणून त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले.

त्याची किंकाळी नदीपर्यंत गेली असेल. तो खड्ड्यात गुडघ्यांवर बसला, डोळे चोळू लागला, आणि जितके चोळले तितकं दूध आत गेलं. हनीफ धावत आला, त्याचे हात धरले, कळशीभर पाणी त्याच्या तोंडावर मारलं. नजमानं आणखी पाणी आणलं. सगळी माणसं माझ्याभोवती आणि रंगरावभोवती गोळा झाली. अंबूबाईसुद्धा दार सोडून आली. खोपटात मंजुळेजवळ कोणीच नव्हतं.

डोळे सुजून मिटले, तेव्हा रंगराव ओरडला, "हनीफभाऊ, मंजुळेला गाडीत घाला! मूळ जाऊ दे मसनात, आदी तिला घाला!" दोघांनी त्याचे हात धरून त्याला नेलं. तो ठेचकाळत आत गेला, आणि मला नजमाचा हंबरडा ऐकू आला. मग कळलं, उशीर झाला होता.

रंगरावला तिचं तोंड शेवटचं दिसलं नाही. तो हातानं चाचपत होता, कपाळ, नाक, हनुवटी. माझ्या दुधानं त्याचे डोळे मिटवले होते. पुढं कित्येक दिवसांनी ते उघडले, पण भिंतीचा ओळंबा त्याला आता पूर्वीसारखा दिसत नाही. गवंड्याचा बिगारी झाला तो.

हनीफनं एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हटलं, "गाडी उभी होती राव. दुपारभर उभी होती." कोणी ऐकलं नाही. सगळे अंबूबाईचं ऐकत होते. ती छाती बडवून सांगत होती, "बगा, म्या म्हनत हुते का न्हाई? रुई वाळली न्हाई, म्हनून माझी सून गेली!" हनीफ आता गाडी माझ्याजवळ लावत नाही. वळसा घालून जातो.

त्या खड्ड्याच्या तळातून महिनाभरात माझा कोंब वर आला. मला नको होता. आता मी पुन्हा कमरेएवढी झाले आहे. मारुतीच्या माळेला माझी पानं कोणी नेत नाही. येणारेजाणारे मला बघून थुंकतात. कारखाना सुरू झाला. संध्याकाळी भोंगा होतो, आणि आतून ते तापावरचं औषध पेट्यांत भरून ट्रक बाहेर पडतात, माझ्या समोरून, या खोपटांच्या समोरून, लांब लांबच्या गावांना.

मंजुळेची पोर चालायला लागली आहे. नजमानं चांदीच्या दुधावर तिला वाढवलं. ती कधी कधी इथं येते, माझ्या म्हाताऱ्यांमागे धावते. आई कुठं राख टाकायला यायची, हे तिला कोण सांगणार?

परवा अंबूबाई आली. माझ्याकडे बघितलंही नाही. माझीच एक म्हातारी थोडी पलीकडे रुजली होती, वितीएवढं रोप झालं होतं. अंबूबाईबरोबर जोशीबुवा होते, ताटात हळद होती, पिवळा दोरा होता. रंगरावचं पुन्हा ठरलं आहे. अंबूबाईनं रोपाचं पान दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाली, "ही कवळी हाय. ही लगी वाळंल." रंगराव लाल डोळ्यांनी जमिनीकडे बघत उभा होता. त्यानं दोरा बांधला. कोणत्या गावची कोण पोरगी या खोपटात यायची आहे, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की ती वितीएवढी माझी लेक मुळानं आत्ताच हातभर खाली गेलेली आहे.

मित्रांनो, झाडांची काळजी घ्या, त्यांना पाणी घाला, असं सगळी झाडं तुम्हाला सांगतात. मी नाही सांगणार. मला पाणी नको, दोरा नको, हळद नको. माझं ऐकणारं कोणी नाही, हेही मला ठाऊक आहे, तरी सांगते. तुमच्या घरात कोणी बाई तापानं फणफणली आणि दारात गाडी उभी असली, तर कुदळ घेऊन माझ्याकडे येऊ नका. मला काही होत नाही. तिला होतं.